उकळत्या पाण्याने डोंगर मोजणारा कर्नल

पावसाळ्यात कळसूबाईच्या माथ्यावर आधण ठेवले, तर पाण्याला उकळी लवकर फुटते. पण त्या उकळत्या पाण्यात डाळ मात्र शिजता शिजत नाही. गडावर मुक्काम करणाऱ्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. कोणी ओल्या लाकडांना दोष देतो, कोणी डाळीला. खरे कारण हवेच्या दाबात आहे. उंचावर हवा विरळ, म्हणून पाण्यावरचा तिचा दाब कमी. आणि दाब कमी म्हणून पाणी १०० अंश सेल्सियसपर्यंत तापण्याआधीच उकळते. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटर चढाईमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असलेल्या पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळते, सिंहगडावर साडेपंच्याण्णवच्या आसपास आणि १,६४६ मीटर उंच कळसूबाईवर साडेचौऱ्याण्णव अंशांना. पाणी त्याहून जास्त तापतच नाही, मग डाळ शिजायला वेळ लागणारच.

आता हाच हिशेब उलटा मांडू. डोंगरमाथ्यावर पाणी किती अंशांना उकळते हे नीट मोजले, तर त्या आकड्यावरून डोंगराची उंची काढता येईल. त्यासाठी ना दुर्बीण लागेल, ना साखळी. एक भांडे, थोडा जाळ आणि एक तापमापक पुरे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एक लष्करी अधिकारी नेमका हाच उद्योग करत आपल्या सह्याद्रीत फिरत होता. पुढे १८३८ साली, साध्या तापमापकाने उंची कशी काढावी यावर त्याचा लेख लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्याचे नाव विल्यम हेन्री सायक्स. पक्षीनिरीक्षकांना तो ‘सायक्सचा चंडोल’ या नावातून माहीत असतो, तर डोंगरभटक्यांना हरिश्चंद्रगडावरच्या इंद्रवज्राच्या गोष्टीतून. पुण्याशी त्याचा पहिला मोठा संबंध आला तो मात्र पक्ष्यांमुळे नव्हे की धुक्यामुळे नव्हे. तो आला खडकीच्या रणांगणावर.

खडकीची दलदल

सायक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे १८०४ मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. आज ज्या वयात मुले आठवी-नववीत असतात, त्या वयात हा पोरगा परमुलखात बंदूक घेऊन उभा होता. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता. शिपाईगिरी करता करता त्याने हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा शिकून घेतल्या. पुढच्या सगळ्या कामात ही भाषाच त्याचे सर्वांत उपयोगी हत्यार ठरली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची गाठ पडली. पेशव्यांच्या सैन्याचे नेतृत्व बापू गोखले करत होते आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. इंग्रजांच्या देशी पलटणींपैकी एका तुकडीची जबाबदारी सायक्सकडे होती. संख्येने पेशव्यांचे सैन्य कितीतरी मोठे होते. पण मराठी घोडदळाचा मुख्य हल्ला इंग्रज फळीच्या समोर असलेल्या दलदलीत अडखळला. घोडी रुतली, फळी विस्कटली आणि दिवस हातचा गेला.

त्या दलदलीकडे विज्ञानाच्या नजरेने पाहिले, तर तिच्यात आपल्या भूमीची सगळी गोष्ट सापडते. खडकीच्या नावातच खडक आहे. मुळा नदीच्या पात्रात उघडा पडलेला तो काळा कातळ म्हणजे बसाल्ट, अर्थात थिजलेला लाव्हा. हा कातळ पाणी सहजी मुरू देत नाही. त्याच्या झिजेतून तयार झालेली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि पावसाळा सरल्यावरही ओल धरून ठेवते. सखल जागी वर अशी चिकट माती आणि खाली अभेद्य कातळ असला, की नोव्हेंबरातही चिखल वाळत नाही. ज्वालामुखीचा दगड आणि मोसमी पाऊस ही जोडी आपल्याकडे शेतीपासून लढाईपर्यंत सगळीकडे हजर असते. पुढची अनेक वर्षे सायक्सने याच जोडीचा माग काढला.

खडकीनंतर पुण्याची लढाई झाली. मग डोंगरी किल्ले एकेक करून इंग्रजांच्या ताब्यात गेले. या मोहिमांतही सायक्स होता. सह्याद्रीचे कडे त्याने प्रथम पाहिले ते असे, ते जिंकायला निघालेल्या फौजेतला एक अधिकारी म्हणून.

तंबूतली प्रयोगशाळा

१८२० मध्ये तो रजेवर युरोपात गेला आणि तिथे चार वर्षे राहिला. युरोपात त्या काळी निसर्गविज्ञानाचे वारे जोरात वाहत होते. अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट हा जर्मन संशोधक दक्षिण अमेरिकेतल्या ज्वालामुखी पर्वतांवर दाबमापक आणि तापमापक घेऊन चढला होता आणि त्याच्या मोजमापांनी पर्वताकडे पाहण्याची दृष्टीच बदलून टाकली होती. उंची, तापमान, हवेचा दाब, वनस्पती आणि माणसांचे जगणे या गोष्टी सुट्या सुट्या नाहीत, त्या एकत्र मोजल्या पाहिजेत, हा तो विचार होता.

ऑक्टोबर १८२४ मध्ये सायक्स परत आला. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ म्हणून नेमले. नव्याने हाती आलेल्या मुलखाची सगळी माहिती आकड्यांत गोळा करायची, असे हे काम. हेतू उघडच राज्यकारभाराचा आणि महसुलाचा होता. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड ही चार कलेक्टरेट त्याच्या वाट्याला आली. माणसे किती, गुरे किती, जमिनीचे हक्क कोणाचे, पिके कोणती, असल्या नोंदी त्याने केल्याच. पण सरकारने सांगितले तेवढ्यावर तो थांबला नाही. सोबत दाबमापक, तापमापक आणि पावसाचे मोजमाप घेऊन तो डोंगर चढला, नद्यांमधले मासे धरवले, पक्ष्यांची चित्रे काढवून घेतली.

त्या काळचा दाबमापक म्हणजे पाऱ्याने भरलेली हातभर लांब काचेची नळी. घोड्याच्या पाठीवरून, ओल्या निसरड्या वाटेने ती न फुटता वर नेणे ही मोठी कसरत होती. नळी फुटली की सगळी मोजणी ठप्प. उकळत्या पाण्याच्या युक्तीला महत्त्व होते ते यामुळे. तापमापक लहान आणि स्वस्त. एक फुटला तर दुसरा खिशात. अर्थात अचूकतेला मर्यादा होती. एका अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली, तर उंचीत ३० मीटरचा फरक पडतो. तरीही ज्या डोंगराची उंची कोणी मोजलेलीच नाही, तिथे एवढे माहीत होणेही पुष्कळ होते.

दाबमापकाने त्याला आणखी एक गोष्ट दाखवली. दख्खनमध्ये हवेचा दाब रोज ठरलेल्या वेळी चढतो आणि ठरलेल्या वेळी उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, दुपारी चार-पाचला उतरलेला. रात्री हेच चक्र पुन्हा फिरते. समुद्राला भरती-ओहोटी असते, तशी ही हवेची भरती-ओहोटी. हुम्बोल्टने ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात पाहिली होती. सायक्सने हजारो नोंदी करून दाखवले, की दख्खनच्या पठारावरही, अगदी पावसाळी आणि वादळी दिवसांतही, हा ताल चुकत नाही. सूर्याच्या उष्णतेने सबंध वातावरणाला दिवसातून दोनदा मिळणारे हे हेलकावे आहेत, असे आज विज्ञान सांगते. १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला.

ज्वालामुखी नसलेला ज्वालामुखी

ज्वालामुखीवर चढाई म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे शंकूच्या आकाराचा पर्वत आणि त्याच्या माथ्यावरचे धुमसते विवर येते. मध्य अमेरिकेत निकाराग्वा सरोवरातल्या ओमेतेपे बेटावर असे दोन पर्वत शेजारी शेजारी उभे आहेत. १,६१० मीटर उंचीचा कन्सेप्सियोन अजून जागा आहे, तर १,३९४ मीटर उंचीचा मादेरास शांत आहे आणि त्याच्या विवरात तळे साचले आहे. पावसाळ्यात ढगांनी वेढलेल्या, चिखलाने निसरड्या झालेल्या त्या वाटा चढायला जगभरातून लोक जातात. आपला कळसूबाई उंचीने कन्सेप्सियोनपेक्षा थोडा अधिकच भरतो आणि तोही लाव्हाचाच आहे. मग त्याला विवर का नाही?

कारण दख्खनचा लाव्हा एका तोंडातून उसळला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो पातळ होऊन वाहिला, दूरवर पसरला आणि थिजला. काही काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरांवर थर रचले जाऊन पश्चिम घाटात त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास गेली. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांखाली आहे. म्हणजे ओमेतेपेला माणूस ज्वालामुखीच्या अंगावरून चढतो. सह्याद्रीत मात्र तो लाव्हाच्या थरांची चळत पाण्याने जिथे कापून काढली, त्या कापलेल्या कडेने चढतो.

गडावर जाताना नीट पाहिले, तर ही चळत पायांना कळते. एक उभा कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. कडा म्हणजे प्रवाहाचा टणक गाभा. पट्टी म्हणजे वरचा सच्छिद्र, लवकर झिजणारा भाग. मधूनच विटेसारख्या लाल मातीचा पट्टा दिसतो. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात उघड्या पडलेल्या पृष्ठभागाची झीज होऊन तो तयार झाला आणि नव्या प्रवाहाखाली गाडला गेला. या पायऱ्यांवरूनच खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. सायक्सने १८३६ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी दख्खनच्या एका भागाचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात हे आडवे थर, खांबांसारखे सांधे पडलेले बसाल्ट, थरांना उभे छेदून जाणाऱ्या खडकाच्या भिंती आणि लोहयुक्त लाल माती यांची नोंद आहे. दख्खनच्या भूविज्ञानातला हा सुरुवातीचा, पायाभूत दस्तऐवज मानावा लागेल. या खडकाचे वय तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

कोकणकड्यावरचे गोल इंद्रधनुष्य

सायक्सला सामान्य मराठी माणसांत जी ओळख मिळाली, ती हरिश्चंद्रगडामुळे. सुमारे १,४२४ मीटर उंचीच्या या गडाचा कोकणकडा आत वळलेला, सरळ खाली तुटलेला आहे. कोकणातून वर येणारे धुके या कड्याला थडकते. एकदा हे धुके कड्याच्या काठापर्यंत चढून आले, पण पठारावर मात्र सांडले नाही. सायक्स काठावर उभा होता, सूर्य त्याच्या पाठीशी आणि क्षितिजाजवळ होता. समोरच्या धुक्यात रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटले, अर्धे त्याच्या पातळीच्या वर आणि अर्धे खाली. वर्तुळाच्या मध्यभागी त्याची स्वतःची, त्याच्या घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली स्पष्ट दिसत होती. वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांहून जास्त नसावा, असा त्याचा अंदाज होता. त्याबाहेर आणखी एक फिकट वर्तुळ होते.

हे दृश्य सायक्सने १८३५ मध्ये पाहिले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. पण १८३५ हे निबंध छापला गेल्याचे वर्ष आहे. त्या वेळी सायक्स इंग्लंडमध्ये होता; दृश्य त्याने त्याआधी, दख्खनच्या पाहणीच्या काळात पाहिले होते.

यामागचे विज्ञान असे. इंद्रधनुष्य मुळात वर्तुळच असते. जमीन आडवी येते म्हणून आपल्याला फक्त कमान दिसते. कड्याच्या टोकावर समोर जमीनच नसते, तेव्हा खालचा अर्धाही दिसू शकतो. धुक्याचे थेंब पावसाच्या थेंबांपेक्षा फारच बारीक असतात. अशा थेंबांतून परत फिरणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटतात. गंमत म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ही कडी स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतात. डोंगरभटके या दृश्याला इंद्रवज्र म्हणतात. ते पाहायला दरवर्षी पावसाळ्यात शेकडो जण हरिश्चंद्रगडावर जातात. ते हमखास दिसेल असे मात्र नाही: सूर्य, धुके आणि काठ या तिन्ही गोष्टी एका रेषेत यायला हव्यात.

पद गेले, काम राहिले

डिसेंबर १८२९ मध्ये काटकसरीच्या नावाखाली सायक्सचे पद रद्द झाले. पाहणी अर्धवट होती. त्याने लष्करी कामातून मोकळीक मागून घेतली आणि स्वतः होऊन काम चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये ते पुरे झाल्यावरच तो मायदेशी निघाला. दख्खनच्या चार कलेक्टरेटांचा त्याचा अहवाल, हवामानावरचा निबंध, खडकांवरचा निबंध, हे सगळे पुढच्या काही वर्षांत एकामागून एक बाहेर पडले.

प्राण्यांच्या नोंदीही याच भटकंतीतल्या. दख्खनमधल्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ मध्ये छापली गेली. तळ्याकाठी निश्चल उभ्या राहणाऱ्या आपल्या नेहमीच्या ढोकरीला, म्हणजे वंचकाला, शास्त्रीय नाव सायक्सने दिले. रानकुत्र्याचे वर्णन करताना त्याने ‘कोळसून’ हे मराठी नाव नोंदवले. १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा लोकांच्या तोंडची नावे त्याने थेट शास्त्रीय नावांत घेतली. पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर, मुळा-मुठेच्या पाण्यातून मिळालेल्या महसीर माशाचे ‘टॉर खुद्री’ हे नाव त्यांतलेच. मासा ओळखणारे कोळी आणि वाट दाखवणारे डोंगरातले गावकरी यांच्याखेरीज हे ज्ञान गोळा झाले नसते. सायक्सच्या निबंधांवर त्यांची नावे नाहीत, पण त्यांचे शब्द त्या शास्त्रीय नावांत आजही टिकून आहेत. आज मात्र हाच महसीर मुळा-मुठेच्या पुण्यातल्या काळ्या पाण्यात दिसत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

सैनिक कशाने मरतात?

लंडनला परतल्यावर सायक्सने मोजमापाची सवय सोडली नाही. फक्त विषय बदलला. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी तो एक होता. पुढे मनोरुग्णांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगावर त्याने काही वर्षे काम केले. आणि १८४७ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांमधल्या मृत्यूंचे आकडे मांडले.

त्या काळी हिंदुस्थानात गोरा सैनिक लढाईपेक्षा आजाराने जास्त मरत असे. दोष दिला जाई तो हवेला. हा देशच उष्ण, दमट आणि मारक, अशी सर्वसाधारण समजूत होती. सायक्सने गोऱ्या आणि देशी सैनिकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. एकाच मुलखात, एकाच हवेत राहूनही देशी शिपायांच्या तुलनेत गोऱ्या सैनिकांमधले मृत्यूचे प्रमाण कितीतरी पट होते. मग सगळा दोष हवेचा कसा? त्याने बोट ठेवले ते राहणीवर: दारूचा अतिरेक, उष्ण हवेला न मानवणारे भरमसाट मांसाचे जेवण. शिपायाचे साधे खाणे आणि पाणी पिणे त्याला आरोग्याचे वाटले.

त्याचे उत्तर अर्धेच बरोबर होते. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ मध्ये दाखवून दिले. हिवतापाचा परजीवी १८८० मध्ये सापडला आणि तो डासांमार्फत पसरतो हे १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने शोधले. छावण्यांतले गलिच्छ पाणी, उघडी गटारे आणि दाटीवाटीच्या बराकी हे मोठे मारेकरी सायक्सच्या तक्त्यांत नव्हते. पण त्याने प्रश्न बदलला, हे महत्त्वाचे. हवा बदलता येत नाही. राहणी बदलता येते. १८६३ मध्ये शाही आयोगाने हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ असल्याचे सांगितले आणि मग खडकीसारख्या छावण्यांत पाणी, निचरा आणि बराकी सुधारण्याला जोर आला. आकडे मांडल्याशिवाय ही जाग आली नसती.

उंचीचे आकर्षणही त्याला शेवटपर्यंत राहिले. वातावरणाचा अभ्यास करण्यासाठी बलूनमधून माणसे वर पाठवण्याच्या ब्रिटिश असोसिएशनच्या समितीत तो होता. सप्टेंबर १८६२ मध्ये जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल बलूनमधून इतके वर गेले, की प्राणवायूच्या कमतरतेने ग्लेशरची शुद्ध हरपली आणि गारठलेल्या हातांनी दोर धरता येईना म्हणून कॉक्सवेलने तो दातांनी ओढून बलून खाली आणला. उंची शरीराला काय करते, याचा तो थरारक धडा होता. सह्याद्रीत मात्र ही भीती नाही. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाईवर धाप लागते ती उंचीमुळे नव्हे. सराव नसणे, दमट हवा आणि पाठीवरचे ओझे ही तिची कारणे.

सायक्सची वही आणि आपला पावसाळा

सह्याद्रीतले धोके वेगळे आहेत, आणि ते सायक्सने मोजलेल्या गोष्टींतच दडलेले आहेत: पाऊस, वारा, तापमान आणि खडक.

पहिला पाऊस. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तासाभराच्या अंतरावरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या आसपास आणि महाबळेश्वरात पाच हजारांहून जास्त. खडकीच्या स्टेशनवर लोकल धरताना आकाशात नुसते ढग असले, म्हणून घाटमाथ्यावरही तसेच असेल असे धरून चालू नये. वर कोसळलेला पाऊस कातळात मुरत नाही. तो ओढ्यातून थेट खाली येतो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत थांबणे हाच शहाणपणा.

दुसरा वारा आणि थंडी. तापमान १८-२० अंश असताना गारठून कोणी आजारी पडेल, हे अनेकांना खरे वाटत नाही. पण ओले कपडे, घाटमाथ्याचा बोचरा वारा, रिकामे पोट आणि थकवा एकत्र आले, की शरीराचे तापमान उतरू लागते. आधी हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, पाय वेडेवाकडे पडतात, माणूस गप्प होतो किंवा विचित्र वागतो. ही लक्षणे दिसताच त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, अंगाभोवती गुंडाळायला मिळेल ते गुंडाळावे आणि शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय द्यावे. दारू मुळीच देऊ नये. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि अंगातली उष्णता उलट वेगाने निघून जाते. सायक्सचा दारूवरचा राग निदान इथे तरी शंभर टक्के खरा ठरतो.

तिसरा खडक. ओल्या बसाल्टवर शेवाळ धरले, की तो काचेसारखा निसरडा होतो. इंद्रवज्राच्या छायाचित्रासाठी किंवा धबधब्याच्या काठावर पुढे सरकणाऱ्यांचे अपघात याच कारणाने होतात. आणि जिथे टणक कातळावर झिजलेल्या मुरुमाचा आणि मातीचा जाड थर तीव्र उतारावर टेकलेला असतो, तिथे दिवसेंदिवस पाऊस लागला, की तो थर पाण्याने जड होऊन सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव असेच गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गेली. सलग मुसळधार पावसात तीव्र उताराच्या पायथ्याशी तंबू ठोकू नये; उताराला नव्या भेगा पडल्या, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर तिथून लगेच निघावे.

आणखी एक धोका घरी आल्यावर कळतो. चिखलातून, साचलेल्या पाण्यातून चालताना पायावरच्या खरचटलेल्या जागेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून ते पाण्यात येतात. भटकंतीनंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना आपण डोंगरात, पाण्यात गेलो होतो हे आवर्जून सांगावे. वेळेत सुरू केलेली प्रतिजैविके हा आजार आटोक्यात आणतात.

सायक्स पुढे मोठ्या पदांवर गेला. १८५६ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबर्डीनचा खासदार राहिला, काही काळ स्टॅटिस्टिकल सोसायटीचाही अध्यक्ष होता. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली आणि १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरमधली ती दगडी इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते आणि ती खडकीच्या जुन्या रणभूमीपासून फार लांब नाही. सायक्स ज्या नोंदी घोड्यावरून आणि तंबूतून एकट्याच्या हिमतीवर घेत होता, त्या आता तिथून चोवीस तास मिळतात. घाटमाथ्यासाठी वेगळा इशाराही दिला जातो. या पावसाळ्यात गडाकडे निघण्यापूर्वी तो वाचायला दोन मिनिटे लागतात. इशारा लाल असेल, तर गड पुढच्या आठवड्यातही तिथेच असणार आहे. आणि आकाश उघडे असेल, तर पिशवीत एक छोटा तापमापक जरूर टाका. माथ्यावर चहाचे आधण उकळेल, तेव्हा आपण किती उंच आलो हे मुलांना त्यावरून काढू द्या.